१८ ऑक्टोबर : नर्तिका हिल्डे होल्गर यांचा जन्म
व्हिएन्नातील ज्यू कुटुंबात १९०५ साली आजच्या दिवशी हिल्डे होल्गर जन्मल्या. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर ज्यू कलावंतांना रंगमंच बंद झाला. १९३९ मध्ये त्या मुंबईला निघून आल्या. मागे राहिलेली आई आणि इतर अनेक आप्त नरसंहारात गेले. मुंबईत त्यांनी पारशी डॉक्टर आदी बोमन-बेहराम यांच्याशी लग्न केले, नृत्यशाळा काढली. १९४८ मध्ये कुटुंब लंडनला गेले. तिथे मुलगा दरायस डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला. या आईने त्याला नृत्य शिकवले, पुढे त्याच्यासारख्या इतरांनाही रंगमंचावर उभे केले. हेच त्यांचे सर्वांत मोठे काम. मुलगी प्रिमावेरा यांनी आईच्या आठवणींचा संग्रह जपला. २००१ मध्ये होल्गर यांचे लंडनमध्ये निधन झाले.