मॅटरहॉर्नचा दोर

पर्वत म्हणजे उन्हाळ्याची सुटी घालविण्याची जागा, ही कल्पना आज आपणांस इतकी स्वाभाविक वाटते कीं, ती फार जुनी नाहीं हें सहसा ध्यानांत येत नाहीं. युरोपांतील लोक दीर्घकाळ आल्प्सच्या हिमशिखरांकडे भयानेंच पाहत होते. 1786 सालीं दोघे जण माँ ब्लाँच्या माथ्यावर पोहोंचले, तेव्हांपासून हें भय ओसरूं लागलें; आणि पुढें आगगाडीनें प्रवास सुलभ केल्यावर इंग्लंडांतील वकील, पाद्री व प्राध्यापक उन्हाळा लागतांच तिकडे धांवूं लागले. 1857 सालीं लंडनांत आल्पाइन क्लब निघाला. लेस्ली स्टीफन या विद्वानानें 1871 सालीं आपल्या पुस्तकास 'युरोपचें क्रीडांगण' असें नांव दिलें, यावरून वारा कोणत्या दिशेचा होता हें दिसतें. या क्रीडांगणांत जिवाची काळजी कशी घ्यावी, हा प्रश्न मात्र त्यापूर्वींच 14 जुलै 1865 रोजीं साऱ्या युरोपापुढें उभा राहिला होता.

स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवरील मॅटरहॉर्न (उंची 4,478 मीटर) तोंपर्यंत अजिंक्य होता. एडवर्ड व्हिंपर हा पंचवीस वर्षांचा इंग्रज चित्रकार 1861 पासून त्याच्या पाठीस लागला होता. कारेल नांवाचा इटालियन वाटाड्या आपणांस वगळून निघाला आहे असें कळतांच तो घाईनें झेरमाट गांवीं आला. तेथें हडसन नांवाचा कसलेला पाद्री त्याच शिखरासाठीं येऊन ठेपला होता. एका रात्रींत दोन मंडळ्यांची एक मंडळी झाली. हडसनबरोबर हॅडो नांवाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. व्हिंपरनें त्याच्याविषयीं पृच्छा केली. त्यानें माँ ब्लाँ भराभर चढून दाखविला आहे, असें हडसननें सांगितलें व तेवढ्यावर संमति मिळाली. चपळाई आणि अनुभव या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्या संध्याकाळीं कोणीच बोलून दाखविलें नाहीं.

चौदा तारखेस दुपारीं सुमारें पावणेदोन वाजतां सातही जण माथ्यावर पोहोंचले. इटालियन मंडळी अद्याप बरीच खालीं होती; यांनीं आरोळ्या ठोकल्या, दगडही लोटले. (विजयाचा हा प्रकार आम्हांस फारसा शोभिवंत वाटत नाहीं.) तासाभरानें उतार सुरू झाला. सर्वांत पुढें शामोनीकडील निष्णात वाटाडा मिशेल क्रो, मागोमाग हॅडो, हडसन, अठरा वर्षांचा लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, त्यामागें थोरला टाउगवाल्डर, व्हिंपर व धाकटा टाउगवाल्डर. अवघड जागीं खडकास एक दोर बांधून ठेवावा, अशी सूचना व्हिंपरनें हडसनला केली होती. हडसनला ती पटलीही. परंतु निश्चय झाला नाहीं. क्रो हॅडोचीं पावलें एकेक करून खडकावर ठेवून देत होता. त्याकरितां त्यानें हातांतील कुऱ्हाडही बाजूस ठेविली होती. तो वळला, इतक्यांत हॅडो घसरून त्याच्यावर आदळला. त्या हिसक्यानें हडसन व डग्लस ओढले गेले. मागच्यांनीं खडकास मिठी मारली; पण टाउगवाल्डर व डग्लस यांच्यामधील दोर तुटला, आणि चौघे जण सुमारें चार हजार फूट खालीं हिमनदीवर जाऊन पडले.

आतां त्या दोराविषयीं. मंडळीपाशीं तीन जातींचे दोर होते. त्यांतील एक आल्पाइन क्लबाच्या पसंतीचा होता. दोरांची परीक्षा करण्यासाठीं क्लबानें 1864 सालींच समिति नेमली होती. दुसरा त्याहूनही दणकट होता. तिसरा बारीक व कमजोर, प्रसंग पडल्यास खडकास बांधून मागें सोडून देण्यापुरता आणलेला. तुटला तो हाच, आणि चांगला दोर त्या वेळीं भरपूर शिल्लक होता! ज्ञानाची उणीव नव्हती, साधनांची नव्हती. एकत्र आलेल्या दोन मंडळ्यांत शेवटची गांठ तपासणें कोणाचें काम, एवढेंच ठरलेलें नव्हतें.

लोकांस मात्र निराळा अपराधी हवा होता. म्हाताऱ्या टाउगवाल्डरनें स्वतःच्या जिवासाठीं दोर कापला, अशी कुजबूज उठली. झेरमाट येथें चौकशी होऊन तो निर्दोष ठरला. व्हिंपरनेंही दोर कापलेला नव्हता असेंच सांगितलें. तरी संशय गेला नाहीं. हॅडोस बरोबर घेणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांविषयीं लोक हळहळले, आणि बोल आला तो मजुरीवर डोंगर चढणाऱ्या माणसावर. हा न्याय पर्वतापुरताच आहे असें नाहीं.

दुसरा उपाय बंदीचा. 1882 च्या उन्हाळ्यांत आल्प्सवर पुन्हां कांहीं बळी पडले, तेव्हां राणी व्हिक्टोरिया हिनें अशा गिर्यारोहणाविरुद्ध कांहीं बोलतां येईल काय, अशी विचारणा ग्लॅडस्टन यांच्याकडे केली होती. बंदी कांहीं आली नाहीं. त्याऐवजीं हळूहळू त्या वाटेवर पक्के दोर बसले, आणि 1915 सालीं सुमारें 4,000 मीटर उंचीवर सॉल्वे नांवाची लांकडी झोंपडी उभी राहिली. ती मुक्कामाच्या हौसेसाठीं नाहीं. वादळांत वा काळोखांत सांपडलेल्यांनींच तिचा आश्रय करावा असा दंडक आहे. आमच्याकडील तरुण हल्लीं मे महिन्यांत हिमालयाच्या वाटा धरतात. त्यांच्या घरच्यांनीं कोठें जातां याबरोबरच दोर कोणाच्या हातीं, हेंही विचारावें असें आम्हांस वाटतें.

तिघांचीं प्रेतें हिमनदीवर सांपडलीं. डग्लसचें कधींच सांपडलें नाहीं. तुटलेल्या दोराचा तुकडा झेरमाटच्या संग्रहालयांत कांचेखालीं ठेविलेला आहे. तो पाहणाऱ्यास प्रथम नवल वाटतें तें त्याच्या बारीकपणाचें.