टोनी मॉरिसन: इतरांच्या हस्तलिखितांवर वेचलेली वर्षे

१/ साहित्याचे नोबेल (१९९३) मिळवणाऱ्या टोनी मॉरिसन यांची उमेदीची दीड दशकाहून अधिक वर्षे इतरांची हस्तलिखिते तपासण्यात गेली. त्यामुळे त्यांचे स्वतःचे लेखन मागे पडले का? उत्तर १८५६ सालच्या एका कात्रणात सापडते.

२/ जन्म १९३१, ओहायोतील लोरेन. १९५७ पासून त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात इंग्रजी शिकवत. तेथील लेखकांच्या एका छोट्या मंडळासाठी त्यांनी एक कथा लिहिली. आपले डोळे निळे व्हावेत अशी आस लागलेली एक कृष्णवर्णीय मुलगी तिच्या केंद्रस्थानी होती.

३/ घटस्फोटानंतर दोन लहान मुलांना घेऊन त्या सिरॅक्यूसला पाठ्यपुस्तकांच्या संपादक म्हणून रुजू झाल्या. दिवसभर नोकरी, मुले झोपली की लेखन. त्या कथेची कादंबरी झाली: 'द ब्लुएस्ट आय' (१९७०).

४/ तोवर त्या न्यूयॉर्कला, रँडम हाउसच्या मुख्य कचेरीत आल्या होत्या. मोठ्या प्रकाशनसंस्थांमध्ये तेव्हा कृष्णवर्णीय संपादक अगदी विरळा. टोनी केड बम्बारा यांच्या कथा (१९७२), अँजेला डेव्हिस यांचे आत्मचरित्र (१९७४), गेल जोन्स यांची 'कॉरेगिडोरा' (१९७५) ही पुस्तके त्यांच्या हाताखालून गेली. मधल्या काळात अध्यापनही सुरूच होते.

५/ १९७४ मध्ये त्यांनी 'द ब्लॅक बुक' सिद्धीस नेले. छायाचित्रे, जाहिराती, गुलामांच्या विक्रीची कागदपत्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे: मिडलटन हॅरिस आदी संग्राहकांनी जमवलेला हा कृष्णवर्णीय अमेरिकनांचा इतिहास. त्यातच मार्गारेट गार्नरची हकिकत होती.

६/ जानेवारी १८५६. गार्नर कुटुंबाने केंटकीतून पळ काढला आणि गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटी गाठले. पकडणारे दाराशी येताच मार्गारेटने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला. मुलीने पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून. तिच्यावर खुनाचा खटला चालवायचा, की मालकाची 'मालमत्ता' म्हणून तिला परत धाडायचे, यावर वाद झाला. अखेर १८५० च्या पलायित गुलाम कायद्यानुसार तिला परत पाठवण्यात आले.

७/ इतरांच्या पुस्तकासाठी हाताळलेले ते कात्रण मॉरिसन यांच्या मनातून गेले नाही. १९८३ मध्ये त्यांनी संपादकाची नोकरी सोडली. १९८७ मध्ये 'बिलव्हेड' आली, १९८८ मध्ये तिला पुलित्झर मिळाले. १९८९ पासून त्या प्रिन्स्टनला शिकवू लागल्या.

८/ १९९५ मध्ये बम्बारा निवर्तल्या. अटलांटातील कृष्णवर्णीय मुलांच्या हत्यांवरील त्यांची कादंबरी अप्रकाशितच राहिली होती आणि तिचे हस्तलिखित अवाढव्य होते. ते आटोपशीर करून छापण्याजोगे करण्याचे काम मॉरिसन यांनी अंगावर घेतले. कादंबरी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. मॉरिसन यांनी संपादकाची नोकरी सोडून तेव्हा सोळा वर्षे झाली होती आणि नोबेल मिळून सहा.