मिटणारे पंख

दिवाळीतला बाण फुटेपर्यंत सारे घर गच्चीवर माना वर करून उभे असते. त्याची जळकी काडी कुणाच्या कौलावर पडली याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. वर गेलेला बाण घारीसारखा घिरट्या घेत अलगद खाली उतरला तर? ही गोष्ट पुढे खरी झाली, आणि तिचे मूळ दारूकामातच होते, हे या दिवसांत मुद्दाम सांगावेसे वाटते.

अमेरिकेतील नेब्रास्का प्रांतात नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे एक जोड्यांचे दुकानदार होते. त्यांना शोभेच्या दारूचा नाद, तर बंधू रॉबर्ट यांना छोट्या विमानांचा. १९५४ साली या दोघांनी कागदी नळीत दारू ठासलेले, एकदाच वापरून टाकून द्यावयाचे इंजिन तयार केले. अग्निबाणांच्या सुरक्षिततेवरील हॅरी स्टाइन यांचा लेख वाचून कार्लाइलांनी १९५७ च्या आरंभी त्यांच्याकडे नमुने धाडले. त्या काळी हौशी मुले धातूच्या नळ्यांत घरीच रसायने ठाशीत. त्यात बोटे जात, डोळे जात, कधी जीवही जाई. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला स्पुटनिक उडाला आणि पोरांना आवरणे कठीण झाले. ‘करू नका’ म्हणत बसण्यापेक्षा तयार इंजिनच त्यांच्या हाती द्यावे, हा स्टाइन यांचा तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. पुढे डेन्व्हरच्या व्हर्न एस्टिस यांनी यंत्र बांधून ही इंजिने भराभर काढली. त्यांच्या घरचा धंदाही फटाक्यांचाच!

या इंजिनावर विमान चढवावयाचे म्हटले की एक पेच पडतो. वर जाताना पंख आडवे येतात, उतरताना त्यांच्यावाचून चालत नाही. तेव्हा पंख हलते हवेत. हाच पेच मोठ्या विमानांनाही पडला होता. बेल एक्स-५ हे विमान २० जून १९५१ रोजी प्रथम उडाले; त्याचे पंख उडता उडता २० पासून ६० अंशांपर्यंत मागे वळत. पण पंख मागे गेले की उचलणारे बळही मागे सरकते आणि तोल बिघडतो. म्हणून पंखांचा सगळा सांगाडाच रुळांवरून पुढे सरकवावा लागे. अशी दोनच विमाने बनली. त्यांतले एक १९५३ साली गिरक्या खात कोसळले आणि वैमानिक दगावला. पुढे एफ-१११ विमानात सारा भार पंखाच्या सांध्यावर आला. १९६९ च्या डिसेंबरात त्याच्या पोलादातील एका दडलेल्या भेगेने पंख तुटला, दोघे गेले. आम्हा नाशिककरांना हे पंख परके नाहीत. ओझरच्या कारखान्यात बांधलेली मिग-२७ विमाने याच जातीची; २०१९ च्या डिसेंबरात ती वायुदलातून निवृत्त झाली.

मुलीकडे डेन्व्हरला गेलो असता नातवाबरोबर मी असे एक विमान केले. बाल्साची फळी काचकागदाने घासघासून पंखाला पुढून गोलाई दिली, मागची कड पातळ केली. अंगाशी एकेका स्क्रूवर पंख फिरते ठेवले. पंखांना पुढे ओढावयास रबर, मागे बांधून ठेवावयास सुती दोरा. नातवाला लाल रंगाचे चार हात हवे होते. रंगाचेही वजन होते, सबब एकावर भागविले. नाकात मातीची गोळी दाबून तोल साधला.

आणि गंमत अशी की, मोठ्या विमानाला जी अडचण, ती इथे कामास येते. मिटलेले पंख शेपटीकडे गेल्याने बाणाच्या पिसांसारखे विमानाला सरळ धरतात. इंजिन क्षणभर जळते, मग नुसता धूर सोडीत विमान चढत राहते. शेवटी इंजिनाच्या पुढच्या तोंडातून एक छोटा भडका निघतो, दोरा जळतो, रबर पंख ओढून उघडते आणि उचलणारे बळ पुढे येऊन तोलाच्या ठिकाणाजवळ बसते.

आमचा दोरा जळला तेव्हा इतक्या उंचावर काही दिसेना. मग नातू ओरडला, “आजोबा, उघडले!”