डोडो मूर्ख नव्हता

गोसीखुर्दला, वैनगंगेच्या काठी बसून आज आपण मॉरिशस बेटावरच्या एका नामशेष पक्ष्याविषयी बोलणार आहोत. विषय लांबचा वाटेल, पण तेवढा तो लांबचा नाही.

डोडो म्हटलं की लठ्ठ, बावळट पक्षी डोळ्यांपुढे येतो. हे चित्र युरोपातलं. अभ्यासकांच्या मते, पिंजऱ्यात खाऊन फुगलेल्या पक्ष्यांवरून ते रूढ झालं असावं. त्याहून विश्वासाचं मानलं जातं ते जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरच्या नावावर असलेलं चित्र. त्यातला डोडो तितका लठ्ठ नाही. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने तर सुरतेला दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय.

मग खरा डोडो कसा होता? उंची सुमारे एक मीटर. पिसं करडी-तपकिरी, चेहरा उघडा, चोच मोठी आणि टोकाला आकड्यासारखी वळलेली, पाय दणकट. पंख मात्र इवलेसे. आणि कूळ कबुतराचं! २००२ साली डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार आज हयात असलेल्यांत त्याचा सगळ्यात जवळचा नातलग म्हणजे निकोबारी कबुतर, आपल्याच निकोबार बेटांवर राहणारं.

बेटावर त्याची शिकार करणारं जनावर नव्हतं. मग उडायचं कशाला, भ्यायचं कुणाला? जमिनीवर घरटं, त्यात एकच अंडं, हा संसार तिथे नीट चालत होता. १५९८ मध्ये डच उतरले. जंगल तुटू लागलं. जहाजांतून आलेले उंदीर, डुकरं, माकडं अंड्यांवर तुटून पडली. डोडो दिसल्याची सर्वमान्य अशी शेवटची नोंद १६६२ ची. म्हणजे जेमतेम चौसष्ट वर्षं!

पुढे १८३४ पासून गिरमिटिये मजूर मॉरिशसला गेले. त्यांत आपल्या कोकणातले मराठी लोकही होते. १८६५ मध्ये मार-ओ-साँज नावाच्या दलदलीत डोडोची हाडं सापडली. जॉर्ज क्लार्क या शिक्षकाचं नाव त्या शोधाला लागलं. पण दलदल उपसताना हाडांचे ढीग रचले ते हिंदुस्थानी मजुरांनी. त्यांची नावं इतिहासात नाहीत.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून एक प्रश्न विचारावासा वाटतो. भय नसणं हा दोष कधी ठरला? जागा बदलली तेव्हा. शरीर तेच, स्वभाव तोच; दोष मात्र पक्ष्याच्या माथी.

इथे १९८८ मध्ये धरणाची पायाभरणी झाली, गावं बुडिताखाली गेली. नदीवर जगणारा माणूस नव्या वसाहतीत रुळला नाही, की ‘त्याला जुळवून घेता येत नाही’ असं आपण सहज बोलून जातो. तसं बोलण्याआधी, जागा कुणी बदलली, हे आधी विचारू या.