राजीनाम्याचा जुना अर्थ

आज 'राजीनामा' म्हटलं की आपल्याला खुर्ची सोडणं आठवतं. पेशवाईतल्या कागदांत मात्र हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. सावकार आणि कूळ यांचा पैशावरून तंटा झाला आणि तो पंचांपुढे गेला, की आधी दोघेही लिहून देत : पंच करतील तो निवाडा आम्हांस मान्य. हाच राजीनामा. जोडीला जामीन. मग तकरिरी, साक्षी, कागदपत्रं आणि शेवटी निवाडपत्र.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि नव्या मुलुखाचा कारभार एल्फिन्स्टनकडे आला. १८१९ च्या अहवालात त्याने पंचायतीचे दोष झाकले नाहीत. काम रेंगाळे, साक्षीदाराला हजर करण्याची ताकद पंचांकडे नसे, निवाडा अमलात आणायला सरकारच लागे. तरीही लोकांच्या ओळखीची ही पद्धत मोडू नये, असंच त्याचं मत होतं.

मग ती मागे का पडली? १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यांत सातव्या रेग्युलेशनने लवादाला जागा दिली होती. पण शेजारीच दिवाणी अदालत उभी होती. ज्याच्या हाती कर्जरोखा, त्याला समेटाची गरजच उरली नाही. कूळ गैरहजर राहिलं तर एकतर्फी हुकूमनामा मिळे. बळ असलेला पक्ष राजी राहिला नाही, तिथे पंच काय करणार?

१२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सावकारांची दुकानं लुटली गेली. पुढे पसरलेल्या दंग्यांत जमावाचा डोळा मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. त्यानंतर १८७९ च्या दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीच्या कायद्यात समेट घडवणारे अधिकारी आले. ते नेमलेल्या भागात दाव्याआधी त्यांचा दाखला लागे. पण कायद्याने माणसाला समेटाच्या दारापर्यंत नेता येतं, राजी करता येत नाही.

१९९६ चा आपला लवाद कायदा पाहा. करारातलं लवादाचं कलम म्हणजे आगाऊ दिलेला राजीनामा. निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात येतो, म्हणजे एल्फिन्स्टनने दाखवलेली एक मोठी उणीव भरून निघाली. जुना प्रश्न मात्र उरतोच. बड्या कंपनीने छापून आणलेल्या करारावर छोटा पुरवठादार न वाचता सही करतो, तेव्हा तो खरोखर राजी असतो का? लवादाचा इतिहास वाचताना आपण आधी हे विचारायला हवं.