आधीं माप, मग थंडावा

सायकलस्वारानें बाटली मोठी घ्यावी कीं पाणी थंड राखणारी, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक. परंतु इतिहास चाळला म्हणजे त्याचें गांभीर्य ध्यानांत येतें.

थंडावा राखण्याची युक्ति प्रयोगशाळेंत जन्मली. १८९२ सालीं जेम्स ड्यूअर यांनीं दुहेरी भिंतींच्या पात्रांतून मधली हवा काढून टाकली. निर्वातांतून उष्णतेचें वहन होत नाहीं. १९०४ मध्यें जर्मनींत त्या पात्राची ‘थर्मॉस’ बाटली होऊन ती बाजारांत आली. सायकलीवर मात्र प्रत्येक तोळा पायांनींच ओढावयाचा. लिटरभर पाण्याचें वजन एक किलो. शिवाय दुसऱ्या भिंतीनें भार वाढतो आणि पोटांतली जागा घटते.

बरें, पाणी अपुरें पडलें तर? फ्रान्समधील ‘तूर द फ्रान्स’ शर्यतींत १९६० नंतरच्या दशकांत स्वारास दिवसास चारच बाटल्या, म्हणजे सुमारें दोन लिटर पाण्याची मर्यादा होती. १३ जुलै १९६७ रोजीं माँ व्हाँतूच्या चढावर, रखरखत्या उन्हांत, इंग्रज स्वार टॉम सिम्पसन कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरांत उत्तेजक द्रव्य सांपडलें हें खरें. परंतु त्या उन्हाचा वांटाही नाकारतां येत नाहीं.

तथापि थंडावा ही निव्वळ चैन आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कोमट पाणी घशाखालीं उतरत नाहीं, आणि जवळ असूनही माणूस तें कमी पितो. म्हणून वाटेंत जागोजागीं नळ भेटत असतील तेथें थंड राखणारी बाटली घ्यावी. वैराण वाटेस मोठीच हवी. न पुरणारें पाणी थंड असून काय उपयोग?