फाहियानाची शिदोरी व पोथ्यांचें गाठोडें

प्राचीन जलप्रवासाचा विचार करितांना संशोधकांचें लक्ष बहुधा बंदरें, माल व जकात यांजकडे जातें. परक्याच्या तारवांत बसणारा साधा उतारू निघण्यापूर्वीं काय तजवीज करीत असे, हा प्रश्न मागें पडतो. त्याचें उत्तर देणारें एक उत्तम साधन म्हणजे चिनी भिक्षु फाहियान याचें प्रवासवृत्त. जेम्स लेग यानें १८८६ सालीं प्रसिद्ध केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर अभ्यासकांस परिचित आहेच. त्यांतील शेवटचा, समुद्रावरचा भाग आम्ही येथें केवळ उतारूच्या दृष्टीनें पाहणार आहों.

विनयपिटकाच्या प्रती मिळविण्यासाठीं फाहियान इ. स. ३९९ मध्यें चांगआनहून खुष्कीनें निघाला. परततांना त्यानें जलमार्ग धरिला. त्याची पहिली तयारी लेखनाची. ताम्रलिप्तीस २ वर्षें राहून त्यानें सूत्रें उतरून घेतलीं व मूर्तींचीं चित्रें काढिलीं. दुसरी तयारी ऋतूची. हिंवाळ्याच्या आरंभीं वारा अनुकूल होतांच तो व्यापाऱ्यांच्या एका मोठ्या तारवांत चढला व १४ अहोरात्रांत सिंहलद्वीपास पोंचला. तेथें आणखी २ वर्षें काढून त्यानें महीशासक पंथाचा विनय, दीर्घागम, संयुक्तागम इत्यादि ग्रंथ मिळविले.

निघण्याची घटका वारा ठरवितो, उतारू नव्हे. म्हणून सर्व बांधाबांध किनाऱ्यावरच पुरी व्हावी लागे. ती झाली नसतां काय होतें, याचें उदाहरण पुढें इ-त्सिंग याच्या चरित्रांत सांपडतें. श्रीविजय येथें असतां इ. स. ६८९ मध्यें तो कागद, शाई व लेखकांची मजुरी मागविणारें पत्र देण्यापुरता एका गलबतावर गेला. इतक्यांत वारा फिरला, शिडें चढलीं, आणि तो अनायासें कँटनला जाऊन पोंचला! त्याचा ५ लक्ष श्लोकांहून अधिक ग्रंथसंग्रह मागें श्रीविजयांतच राहिला. त्याकरितां त्याला त्याच वर्षीं पुन्हा समुद्र ओलांडावा लागला.

फाहियानाचें गाठोडें तयार होतें. त्याची परीक्षा मात्र वाटेंत झाली. सिंहलाहून निघालेल्या तारवांत २०० हून अधिक माणसें होतीं व संकटसमयासाठीं मागें एक लहान होडी बांधलेली होती. थोड्याच दिवसांत तुफान होऊन तारवांत पाणी शिरूं लागलें. व्यापारी होडीकडे धांवले. तेव्हां फार माणसें येतील या भीतीनें होडींतल्यांनीं दोरच कापून टाकिला. मग तारूं हलकें करण्यासाठीं जड माल समुद्रांत जाऊं लागला. फाहियानानें आपलें जलपात्र, धुण्याचें भांडें व इतर कांहीं वस्तु स्वहस्तें टाकिल्या. पोथ्या व मूर्ति मात्र त्यानें जवळ ठेविल्या आणि व्यापारी त्याहि फेंकतील या भयानें अवलोकितेश्वराचें चिंतन चालविलें. १३ अहोरात्रांनंतर एक बेट लागलें, व ओहोटींत फट शोधून बुजविण्यांत आली.

यवद्वीपास ५ महिने थांबून तो दुसऱ्या तारवांत बसला. येथेंहि सुमारें २०० माणसें होतीं. कँटनचा प्रवास ५० दिवसांचा, म्हणून शिधा ५० दिवसांचा घेतला होता. महिन्याभरानें वादळ झालें. 'या श्रमणामुळें हें अरिष्ट आलें, त्याला एखाद्या बेटावर उतरवावें' असें तारवांतील ब्राह्मणांनीं ठरविलें. त्या वेळीं फाहियानाचा दानपति आड आला. 'त्याला उतरवाल तर मलाहि उतरवा; नाहीं तर चीनच्या राजाला सर्व सांगेन,' असें तो म्हणाला, तेव्हां बेत फिरला. उतारूच्या तयारींत विश्वासू सोबती केवढा मोलाचा, हें यावरून दिसतें.

७० दिवस उलटले तरी किनारा दिसेना. स्वयंपाकास खारें पाणी वापरूं लागले, व गोडें पाणी दरमाणशीं दोन शेंग, म्हणजे अर्ध्या लिटराहूनहि कमी, वांटण्यांत आलें. नंतर वायव्येस वळून १२ दिवसांनीं शांतुंगच्या किनाऱ्यावर लाओशान येथें तारूं लागलें. हें वर्ष आधुनिक विद्वानांच्या मतें इ. स. ४१२ होय. ओळखीची पालेभाजी दिसली, तेव्हां आपण स्वदेशीं आलों याची फाहियानास खातरी पटली.

५० दिवसांचा शिधा आणि ८० हून अधिक दिवसांचा प्रवास, हें अंतर आमच्या स्मृतिकारांस अपरिचित नव्हतें. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत (श्लोक ४०६) नदीवरील दूरच्या प्रवासाचें भाडें देशकाल पाहून ठरवावें असें सांगून, समुद्राला मात्र असा नियम नाहीं, असें म्हटलें आहे. पुढें (श्लोक ४०८-४०९) नाविकांच्या दोषानें झालेली हानि नाविकांनीं भरून द्यावी, दैवी आपत्तींत त्यांना दंड नाहीं, असा निर्णय आहे. तात्पर्य, वादळांत गेलेल्या सामानाची भरपाई मिळण्याची आशा उतारूस नव्हती. काय टाकावें व काय राखावें, हा निश्चय त्यानें मनाशीं आधींच करून ठेवणें भाग होतें.

फाहियानाच्या या निश्चयाचें फळ त्याच्या पश्चात् दिसलें. महीशासक विनयाचें भाषांतर होण्यापूर्वींच तो वारला. पुढें इ. स. ४२३-४२४ मध्यें काश्मीरच्या बुद्धजीवानें सांप्रतच्या नानजिंग येथें त्याच्या पोथीवरून तें चिनी भाषेंत उतरविलें. त्या विनयाचा मूळ भारतीय ग्रंथ आज समग्र उपलब्ध नाहीं. चिनी भाषांतर मात्र संपूर्ण आहे. जलपात्राऐवजीं तें गाठोडें समुद्रांत गेलें असतें, तर एका संपूर्ण पंथाचा आचारधर्म आज आपणांस जवळजवळ अज्ञात राहिला असता.

म्हणून पोथीसंग्राहकांस आमची एक विनंति आहे. पुष्पिकेंतील शक, लेखक व ग्राम टिपून घेण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ आहेच. त्याबरोबरच पोथी कोणत्या वाटेनें व कोणाच्या सामानांतून आली, याविषयीं ती सांभाळणाऱ्या घराण्यांत जी माहिती असेल, तीहि त्याच टिपणांत लिहून ठेवावी. सांगणारीं माणसें आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.